वाडीपासून शाळेपर्यंत

मुंबईहून पुण्यास किंवा कोकणात जाणाऱ्या प्रवाशाला वाटेत पनवेल लागतेच. एके काळी हे खाडीकाठचे नांदते बंदर होते. घाटावरून आलेला माल बैलांच्या पाठीवरून येथे उतरे आणि गलबतांतून मुंबईस जाई. भाताची कोठारे आणि मिठागरे यांमुळे गावाला सुबत्ता होती. येथील नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली, यावरून या गावाचे महत्त्व ध्यानात येते. आज पनवेलचे रूप पालटले आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी येथे महानगरपालिका आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी शहरानजीकच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. जेथे भाताची खाचरे होती, तेथे वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत.

परंतु याच शहरातून पूर्वेकडे पाहावे. माथेरानची डोंगररांग आणि प्रबळगडाचा विस्तीर्ण माथा तेथे दिसतो. दक्षिणेकडे कर्नाळ्याचा सुळका आकाशात अंगठ्यासारखा उभा आहे. या डोंगरांच्या पायथ्याशी व उतारांवर ठाकूर आणि कातकरी या आदिवासी जमातींच्या लहान लहान वाड्या आहेत. कुडाच्या भिंती, त्यांवर शेणमातीचा लेप, दारात कोंबड्या आणि अंगणात बागडणारी मुले असे त्यांचे चित्र असते. शहरापासून त्या फारशा दूर नाहीत. तरीही वाडीतील मुलाला शाळेपर्यंतचे अंतर फार मोठे वाटते. हे अंतर कोसांत किंवा किलोमीटरांत मोजता येत नाही. ते कशाने निर्माण होते आणि कशाने कमी होते, याचा विचार आपण या पाठात करावयाचा आहे.

प्रथम कातकऱ्यांची ओळख करून घेऊ. त्यांचे हे नाव त्यांच्या जुन्या व्यवसायावरून पडले. खैराच्या झाडाचा गाभा तासून, त्याच्या ढलप्या पाण्यात उकळून जो अर्क निघतो, तो आटवून काथ तयार करतात. हा काथ करणारे ते कातकरी. विड्यात रंगणारा काथ आपल्या ओळखीचा असतो. तो करणारे हात मात्र आपल्या ओळखीचे नसतात. १८७८ च्या वन कायद्याने इंग्रज सरकारने मोठमोठी जंगले राखीव केली, त्यामुळे जंगलावर जगणाऱ्या लोकांची उपजीविका हळूहळू नाहीशी होत गेली. कातकऱ्यांना रान ठाऊक होते, पण शेत त्यांच्या मालकीचे नव्हते. कोठला कंद खाण्याजोगा आहे, कोठल्या ओढ्यात कोणता मासा मिळतो, मोहोळ कसे उतरवावे, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत होते. मात्र सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे, हे वाचता येत नव्हते. आज महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना विशेषत्वाने दुर्बल म्हणून शासनाने मानले आहे, त्यांत माडिया गोंड व कोलाम यांच्याबरोबर कातकरी ही एक आहे. रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांत त्यांची वस्ती मुख्यत्वे आढळते.

आता आपण एका वर्षाचा हिशेब मांडू. आपल्या राज्यात शाळा जूनमध्ये उघडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वार्षिक परीक्षा होऊन बंद होतात. कातकरी कुटुंबाचे वर्षही जूनमध्येच सुरू होते, परंतु ते निराळ्या वाटेने जाते. पावसाळ्यात कुटुंब वाडीवर असते. भाताची लावणी व पुढे कापणी यांवर चार महिने निभावतात. मुले या दिवसांत शाळेत येतात, पाटीवर अक्षरे गिरवतात आणि गुरुजींच्या ओळखीची होतात. पाऊस सरतो, दिवाळी होते आणि वाडीवर मुकादम येतो. त्याने पावसाळ्यातच, घरात दाणा नसताना, कुटुंबाला काही रक्कम आगाऊ दिलेली असते. तिला ‘उचल’ म्हणतात. ती फेडण्यासाठी आता सारे कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जावयास निघते. भांडी, गोधड्या, कोंबड्या व लहान मुले यांसह बिऱ्हाड उठते आणि वाडीच्या झोपड्यांची दारे बंद होतात. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण हसत म्हणतो. या कुटुंबांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. ते परत येतात ते मे महिन्याच्या अखेरीस, आकाशात ढग दिसू लागल्यावर. तोवर परीक्षा होऊन गेलेली असते. पुन्हा जून येतो आणि मूल पुन्हा शाळेत येते. पण त्याच्या बरोबरीची मुले पुढच्या इयत्तेतले धडे वाचू लागलेली असतात आणि त्याला मागची बाराखडीही नीट आठवत नाही. दोन-तीन वर्षे असे झाले, की ते मूल शाळेत येणे सोडून देते.

म्हणजे शाळेचे वर्ष आणि या मुलाच्या पोटाचे वर्ष यांचा मेळ बसत नाही. हाजेरीपटावर त्याचे नाव असते, परंतु दिवाळीनंतर त्याच्या बाकावर कोणी बसत नाही.

वीटभट्टीवर हे मूल काय करते? तेथे मजुरी दिवसावर मिळत नाही. ती हजार विटांमागे ठरलेली असते. म्हणून नवरा-बायको पहाटे, पुष्कळदा मध्यरात्र उलटताच उठून कामास लागतात. माती भिजवून तुडवावयाची, तिचा चिखल साच्यात भरून ओळीने विटा पाडावयाच्या, त्या उन्हात सुकवावयाच्या, मग रचून भाजावयाच्या, असा हा क्रम असतो. अर्धवट सुकलेली वीट उलटवावी लागते. मोठ्या माणसाचे पाऊल तिच्यावर पडले, तर ती मोडते. लहान मुलाचे वजन हलके, हात लहान. म्हणून विटा उलटविण्याचे काम मुलांकडे येते. आठवड्याला खर्चासाठी थोडे पैसे हाती पडतात, त्यांस ‘खर्ची’ म्हणतात. हंगामाच्या शेवटी उचल आणि खर्ची वजा करून हिशेब होतो. कित्येकदा हाती काही उरत नाही, उलट देणेच राहते. मग पुढील वर्षीही त्याच मालकाकडे जाणे भाग पडते. ज्याला हिशेब वाचता येत नाही, त्याने सांगितलेला आकडा खरा मानावा, दुसरा उपाय नसतो. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली, परंतु निरक्षरता व कर्ज ही दोन्ही जेथे एकत्र नांदतात, तेथे माणूस कायद्याने मोकळा असूनही बांधलेलाच राहतो.

आपण राहतो त्या घराच्या, किंबहुना आपल्या शाळेच्याही भिंतीतील एखादी वीट अशा मुलाच्या हाताने उलटविलेली असेल. ‘आदिवासी पालकांना शिक्षणाची आवड नाही’ असे पुष्कळ लोक सहज बोलून जातात. ते बोलण्यापूर्वी हे सारे आठवावे. आठ वर्षांच्या मुलाला सहा महिने कोणाच्या भरवशावर वाडीत ठेवून आईबापांनी जावे? त्याला कोण जेवू घालील? तो आजारी पडला, तर कोण पाहील? मुलाला बरोबर नेणे हा त्यांचा निष्काळजीपणा नसतो. त्यांना तेवढा एकच मार्ग मोकळा असतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. गावात शाळा असणे आणि गरीब मुलाला शिक्षण मिळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मुलाच्या वाटेत जे अडसर आहेत, ते एकेक करून दूर केल्याशिवाय शाळेचे दार त्याच्यासाठी उघडले, असे म्हणता येणार नाही. हे अडसर मुख्यतः चार आहेत. पहिला अडसर काम आणि स्थलांतर हा होय. दुसरा निवाऱ्याचा, तिसरा भुकेचा आणि चौथा परकेपणाचा. आपल्या महाराष्ट्रात गेल्या पावणेदोनशे वर्षांत ज्या थोर स्त्रीपुरुषांनी शिक्षणाचे कार्य केले, त्यांनी यांपैकी कोणता ना कोणता अडसर ओळखून तो दूर करण्याचा यत्न केला.

परंतु त्याआधी हे दूर करण्याचे कर्तव्य कोणाचे, हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर महात्मा जोतीराव फुले यांनी स्पष्ट शब्दांत दिले होते. १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा काढणाऱ्या जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. सरकारचा महसूल मुख्यत्वे शेतकरी व कष्टकरी यांच्या घामातून येतो, मग त्यातील मोठा वाटा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च व्हावा, असा त्यांचा सवाल होता. किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. तिच्यामागील विचार असा, की गरिबाच्या मुलाला शिकविणे हे समाजाचे त्याच्यावरील उपकार नव्हेत. ज्याच्या श्रमावर समाज चालतो, त्याचे ते देणे आहे.

सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली बडोदे संस्थानातील अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानास लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली असेच विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले, पण ते फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांस दंडही ठेवला. स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे ध्येय राज्यापुढे ठेवले. ती मुदत १९६० साली संपली, तरी ध्येय दूरच राहिले. अखेरीस २००२ साली घटनादुरुस्ती होऊन शिक्षण हा सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचा मूलभूत हक्क ठरला आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. जन्माचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला यावयाचा आहे, एवढ्या कारणावरून आता कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येत नाही. भटक्या कुटुंबाला कागद जपून ठेवणे किती कठीण असते, हे जाणणाऱ्याला या तरतुदीचे मोल कळेल.

हक्क मिळाला, तरी तो मुलाच्या हाती कसा पडावा? पहिला अडसर आठवा. मूल कामावर आहे, शाळेत येऊ शकत नाही. मग शाळेनेच मुलाकडे गेले तर? जोतीरावांनी १८५५ साली दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा चालविली, तेव्हा त्यांनी हाच मार्ग धरला होता. परंतु या विचाराचे खरे शास्त्र बनविले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी.

ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण भागातील बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचे लग्न वयाच्या तेराव्या वर्षी झाले होते आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले होते. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य संपले असेच समजत. पण त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. १९५७ साली हे केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग आज पालघर जिल्ह्यात मोडतो. भोवताली वारली आदिवासींचे पाडे होते. शाळा उघडली, पण मुले येईनात. तेव्हा या बाई मुलांच्या अंगणात गेल्या. तेथेच मुलांना न्हाऊमाखू घालावे, गाणी म्हणावीत, गोष्टी सांगाव्यात असे सुरू झाले. या अंगणातील बालवाडीला त्यांनी ‘अंगणवाडी’ असे नाव दिले. पुढे देशभर पसरलेला हा शब्द मूळचा येथला. शिकविण्यासाठी महागडी साधने कोठून आणावीत? त्यांनी बिया, शंख, पाने, खडे व बांबूच्या कांड्या घेतल्या आणि त्यांवरच मोजणी शिकविली. थोडी मोठी मुले गुरे राखावयास कुरणात जात. मग शाळाही कुरणात गेली. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली बसली आहेत आणि बाई मातीवर अक्षर काढून दाखवीत आहेत, अशी ती ‘कुरणशाळा’ होती. मोठी बहीण धाकट्या भावंडाला सांभाळावयाचे म्हणून शाळेत येत नसे. तेव्हा पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच जागी आणून ‘विकासवाडी’ निर्माण केली. मुलगी शाळेत का येत नाही, हे त्यांनी रागावून विचारले नाही. तिच्या कडेवर काय आहे, ते पाहिले.

वीटभट्टीवरील मुलांसाठी हाच मार्ग १९९० च्या दशकात वसईच्या परिसरात विधायक संसद या संस्थेने पुढे नेला. भट्टीवरील मजूर गवताच्या ज्या तात्पुरत्या खोपट्यात राहतात, त्याला ‘भोंगा’ म्हणतात. त्यावरून भट्टीवरच भरणाऱ्या या शाळांना ‘भोंगाशाळा’ हे नाव पडले. ऊसतोडणी करणाऱ्यांच्या मुलांसाठी साखर कारखान्यांच्या आवारात ‘साखरशाळा’ निघाल्या. पुढे शासनाने स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देण्याची व्यवस्था केली. मूल कोठवर शिकले, याची नोंद त्या कार्डावर असते आणि ते दाखवून जेथे कुटुंब जाईल तेथल्या शाळेत त्याला बसता येते. हा विचार केवळ आपल्याच देशातला नाही. बांगलादेशात पावसाळ्यात मैलोगणती मुलूख पाण्याखाली जातो. तेथे २००२ पासून नावांमध्येच शाळा भरविण्यात येऊ लागल्या. नाव घरोघरीच्या घाटाला लागते, मुलांना घेते आणि धडा संपल्यावर पुन्हा त्यांच्या दारी पोहोचविते.

दुसरा अडसर निवाऱ्याचा. आईबाप कामावर गेले, तरी मूल शाळेजवळ राहावे, यासाठी वसतिगृहे हवीत. या बाबतीत कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव प्रत्येक मराठी मुलाने आदराने घ्यावे. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकाच पंक्तीस जेवत आणि आपली कामे आपण करीत. फी भरावयास पैसा नव्हता, तेव्हा ‘कमवा व शिका’ हा मार्ग त्यांनी दाखविला. मुलांच्या जेवणासाठी अडचण आली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, एवढेच नव्हे, तर मंगळसूत्रदेखील दिले. ज्या संस्थेचा आरंभ असा झाला, तिने १९७० साली पनवेल येथे महाविद्यालय उघडले आणि त्याला महात्मा फुले यांचे नाव दिले.

आदिवासी मुलांसाठी निवास, भोजन व शिक्षण ही तिन्ही एकत्र देणाऱ्या आश्रमशाळा निघाल्या. आज महाराष्ट्रात सुमारे पाचशे शासकीय आश्रमशाळा आहेत. शिवाय अनेक आश्रमशाळा सेवाभावी संस्था चालवितात. पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे ‘शांतिवन’ आहे. समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरुग्णांसाठी ही संस्था उभी राहिली, पण तिने आपला पदर अधिक रुंद केला आणि आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळाही चालविली. मुंबई-गोवा महामार्गावर कर्नाळ्याच्या पलीकडे तारा हे गाव आहे. १९४२ साली मुंबईचे महापौर असलेले देशभक्त युसूफ मेहेरअली यांच्या नावाने १९६१ साली स्थापन झालेल्या केंद्राने तेथे आपले काम उभारले. या केंद्राने प्रथम दवाखाना काढला. पुढे शाळा आणि ग्रामोद्योग यांची जोड दिली. हा क्रम विचार करण्याजोगा आहे. मूल तापाने फणफणले असेल, तर ते शाळेत येणार नाही, आणि बापाला गावात काम मिळाले, तर भट्टीवर जाण्याची पाळी येणार नाही. शिक्षणाला मदत करावयाची, तर घराच्या चुलीकडेही पाहावे लागते.

आश्रमशाळेतही उणिवा राहतात, हे सांगितले पाहिजे. सहा-सात वर्षांचे मूल आईपासून दूर राहते, तेव्हा ते रात्री रडते. जेवण, औषधपाणी व देखरेख यांत हयगय झाली, तर त्याचे मोल त्या मुलाला मोजावे लागते. म्हणून काही जिल्ह्यांत हंगामी वसतिगृहांची सोय केली गेली. मुलाने आपल्याच गावात, आजीआजोबांच्या किंवा नातलगांच्या सोबतीने राहावे, तेथे त्याच्या जेवणाची व्यवस्था व्हावी आणि आईबाप परत येईपर्यंत शाळा चुकू नये, अशी ती योजना आहे. मुलाचे घर न मोडता शिक्षण देता आले, तर ते अधिक चांगले.

तिसरा अडसर भुकेचा. रिकाम्या पोटी पाढे पाठ होत नाहीत. मद्रास राज्यात के. कामराज मुख्यमंत्री असताना, १९५६ च्या सुमारास, शाळेत दुपारचे भोजन देण्याची योजना सुरू झाली आणि १९८२ साली तमिळनाडूत तिचा मोठा विस्तार झाला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने देशभर पोषण आहाराचा कार्यक्रम हाती घेतला. आरंभी अनेक राज्यांत मुलांना कोरडे धान्यच घरी मिळे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की मुलांना शाळेत शिजविलेले अन्न दिले पाहिजे. तेव्हापासून आपल्या शाळांत दुपारच्या खिचडीचा वास दरवळू लागला. या एका ताटाने दोन कामे साधली. भुकेले मूल शाळेत टिकले. आणि सर्व जातींची मुले एका ओळीत बसून जेवू लागली.

चौथा अडसर डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो अधिक कठीण आहे. कातकरी मुलाच्या घरी कातकरी बोली बोलतात. पुस्तकातील मराठी त्याला प्रथम शाळेतच ऐकू येते. आपल्याला ओळखीचा वाटणारा धडा त्याला अर्धा परका असतो. ते उत्तर देत नाही, त्याचे कारण मठ्ठपणा नव्हे. प्रश्नाचे शब्दच त्याच्यापर्यंत पोहोचलेले नसतात. जो शिक्षक त्याच्या बोलीतले चार शब्द शिकून घेतो, त्याच्याजवळ ते मूल लवकर मोकळे होते. शब्दांहून अधिक बोचते ते हसणे. कोणी त्याच्या कपड्यांना हसतो, कोणी जातीवरून चिडवतो, कोणी त्याच्याशेजारी बसत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना बालपणी वर्गात इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. पुढे सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते अमेरिकेत शिकावयास गेले आणि जगातील मोठ्या विद्वानांत त्यांची गणना झाली. ज्या रायगड जिल्ह्यात पनवेल आहे, त्याच जिल्ह्यातील महाड येथे १९२७ साली त्यांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. त्या गोणपाटावरील मुलाने कंटाळून शाळा सोडली असती, तर देशाची केवढी हानी झाली असती! अशी किती मुले शाळा सोडून गेली असतील, याचा हिशेब कोणत्याच वहीत सापडत नाही.

गरीब मुलांच्या शिक्षणास मदत म्हणजे एखाद्या दिवशी वह्या वाटणे आणि फोटो काढणे एवढीच समजूत पुष्कळांची असते. वही हवीच; परंतु जे मूल दिवाळीनंतर भट्टीवर जाणार आहे, त्याला नुसती वही पुरत नाही. त्याला राहावयास जागा हवी, वेळेवर जेवण हवे, भट्टीवर गेले तर तेथे जवळ वर्ग हवा, परत आल्यावर मागे राहिलेले धडे समजावून देणारे कोणीतरी हवे आणि ‘हा आपल्यातलाच आहे’ असे मानणारे सोबती हवेत. यांपैकी बरीच कामे शासनाची आहेत, काही संस्थांची आहेत. शेवटची दोन मात्र कोणत्याही विद्यार्थ्याला करता येतील.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या वर्गात दिवाळीनंतर एखादी जागा रिकामी दिसली, तर तेथे कोण बसत होते, हे आठवा. ते कोठे गेले, याची गुरुजींजवळ चौकशी करा. ते जून महिन्यात परत येईल, तेव्हा त्याला मागच्या बाकावर एकटे बसू देऊ नका. आपली मागील वर्षाची पुस्तके काढून त्याच्याजवळ बसा. त्याच्याजवळही तुम्हाला शिकविण्यासारखे पुष्कळ आहे. पावसाळ्यात पनवेलच्या बाजारात शेवळे, टाकळा, करटोली घेऊन बसणाऱ्या आदिवासी स्त्रियांना ज्या रानाची खडान्खडा माहिती असते, त्याच रानात ते वाढले आहे. कोणती भाजी कशी ओळखावी, पक्ष्याचे घरटे कोठे असते, ओढ्याला पूर केव्हा येईल, हे ते तुम्हाला सांगेल. तुम्ही त्याला धडा समजावून द्या आणि त्याच्याकडून रानाचा धडा घ्या. अशी देवघेव सुरू झाली, म्हणजे वाडीपासून शाळेपर्यंतची वाट त्याला पूर्वीइतकी लांब वाटणार नाही.

स्वाध्याय

१. कातकरी मुलाचे वर्ष आणि शाळेचे वर्ष यांचा मेळ का बसत नाही, ते सांगा.

२. ‘उचल’ आणि ‘खर्ची’ म्हणजे काय? हिशेब वाचता न आल्यामुळे कुटुंबाची कोणती हानी होते?

३. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी अंगणवाडी, कुरणशाळा व विकासवाडी ही का सुरू केली, ते तुमच्या शब्दांत लिहा.

४. ‘गावात शाळा असणे आणि गरीब मुलाला शिक्षण मिळणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.’ या विधानाचा अर्थ पाठातील उदाहरणांनी स्पष्ट करा.

५. तुमच्या गावात किंवा वस्तीत शाळेत न येणारी मुले आहेत काय? त्यांच्या वाटेत कोणते अडसर आहेत, याची शिक्षकांच्या मदतीने माहिती मिळवा व दहा ओळी लिहा.